शब्दांवाचून नृत्य काय सांगते, आणि कसे

प्रश्न असा आहे की, कथक किंवा भरतनाट्यम पाहताना निदान मुद्रा ओळखू येतात, मागे पद गायले जात असते, कृष्ण कोण आणि राधा कोण हे कळते. समकालीन नृत्यात मात्र शब्द नसतात, ओळखीची कथा नसते, कित्येकदा कपडेही रोजच्या वापरातले असतात. मग अर्थ पोहोचतो तो नेमका कशातून? आणि तो आपल्यापर्यंत पोहोचला नाही, तर उणीव पाहणाऱ्याची की करणाऱ्याची? हे नृत्य मी बरीच वर्षे करते, रचते आणि शिकवते, त्यामुळे तालमीच्या बाजूने उत्तर देणे मला सोपे जाईल.

आधी शास्त्रीय नृत्याबद्दलचा एक समज तपासून घेऊ. मुद्रा म्हणजे शब्द, आणि मुद्रांची यादी पाठ केली की नृत्य वाचता येते, असे आपण धरून चालतो. नंदिकेश्वरांच्या ‘अभिनयदर्पण’ या अभिनयावरच्या संस्कृत ग्रंथात २८ असंयुत हस्त (एका हाताच्या मुद्रा) दिले आहेत; त्यांतला पहिलाच ‘पताक’ घ्या. नाट्यारंभ, मेघ, वन, एखादी गोष्ट नाकारणे, रात्र, नदी अशी त्याच्या उपयोगांची लांबलचक मालिका तिथे येते. एकच हात मेघही होतो आणि नदीही होतो. त्या क्षणी नेमके काय, हे पदातला शब्द, नजरेची दिशा आणि आधी घडून गेलेला प्रसंग मिळून ठरवतात. समकालीन नृत्याने यातले पद काढून घेतले, बहुतेक वेळा ठरलेल्या मुद्राही काढून घेतल्या, आणि फक्त संदर्भ ठेवला. हा संदर्भ पुराणातून आयता मिळत नसल्यामुळे प्रत्येक रचनेला तो रंगमंचावर, प्रेक्षकाच्या डोळ्यांदेखत उभा करावा लागतो. एखादी हालचाल पहिल्यांदा दिसते तेव्हा तिच्यात फारसे काही नसते. तीच पुन्हा येते, दुसऱ्या माणसाकडून येते, अर्ध्यावर तुटते, किंवा ती येणारच अशी खात्री झालेल्या जागी येत नाही, तेव्हा तिला अर्थ चढतो. म्हणून माझे म्हणणे असे की, या नृत्यातला अर्थ दोन हालचालींमधल्या फरकात असतो, आणि पाहणाऱ्याने शोधायचा तो फरकच.

हे नुसते विधान राहू नये म्हणून एक प्रसंग जवळून पाहू. जर्मनीतल्या वुपर्टाल शहरात पिना बाउश यांनी १९७८ साली ‘कॅफे म्युलर’ ही रचना केली. रंगमंचभर खुर्च्या आणि टेबले, पार्श्वभूमीला हेन्री पर्सेल यांच्या ऑपेरांतली गाणी. एक स्त्री आणि एक पुरुष एकमेकांना घट्ट मिठी मारून उभे आहेत. सूट घातलेला तिसरा माणूस येतो, त्यांची मिठी सोडवतो, दोघांचे ओठ एकमेकांना टेकवतो, स्त्रीचा हात पुरुषाच्या गळ्याभोवती ठेवतो, मग तिला उचलून पुरुषाच्या हातांवर आडवी ठेवतो आणि निघून जातो. पुरुषाचे हात तिला धरून ठेवत नाहीत. ती घसरते आणि जमिनीवर पडते. पडताक्षणी उठून पुन्हा त्याला मिठी मारते. तिसरा माणूस परत येतो आणि तोच क्रम त्याच शिस्तीने पुन्हा लावतो. ती पुन्हा पडते, पुन्हा उठते. हे होत राहते आणि प्रत्येक फेरीला वेग वाढत जातो. शेवटी तिसरा माणूस निघून जातो, तरीही ती दोघे तो संपूर्ण क्रम स्वतःहून, धापा टाकत, करत राहतात.

यातली एकही हालचाल समजायला कठीण नाही. मिठी, चुंबन, उचलणे, पडणे, उठणे, सगळे रोजचेच आहे. पहिल्या फेरीत प्रेक्षकाला एक विचित्र, थोडीशी विनोदी घटना दिसते आणि काही जण हसतातही. दुसऱ्या-तिसऱ्या फेरीत कळते की हा माणूस या जोडप्याला ‘योग्य’ पद्धतीने प्रेम कसे करायचे ते शिकवतो आहे. वेग वाढतो तसे हसू ओसरते, कारण पडणाऱ्या शरीराचा जमिनीवर होणारा आघात आता ऐकू येऊ लागतो. आणि तिसरा माणूस गेल्यावरही क्रम चालू राहतो, तेव्हा लक्षात येते की बाहेरून लादलेली रीत या दोघांच्या अंगात उतरली आहे. आता लादणाऱ्याची गरज उरलेली नाही. हे वाक्य मी इथे शब्दांत लिहिले खरे, पण रचनेत ते कोणी उच्चारत नाही. ते फेऱ्यांमधल्या बदलांतून प्रेक्षकाच्या मनात तयार होते. आपल्याकडच्या कोणत्याही घरातली लग्ने, सवयी, नाती आठवून पाहणारा प्रेक्षक त्याला स्वतःचा तपशील जोडतो, आणि त्यासाठी त्याला जर्मन येण्याची गरज पडत नाही.

पुनरावृत्ती हे यातले सर्वांत उघड साधन आहे. बाकीची साधने अधिक सूक्ष्म आहेत आणि ती तालमीत हाताळावी लागतात. त्यांपैकी काळ आणि वजन यांच्याबद्दल थोडे सविस्तर सांगते, कारण नवखा प्रेक्षक पावले आणि उड्या पाहत राहतो आणि नेमक्या या दोन गोष्टी त्याच्या नजरेतून सुटतात.

वर्गात मी एक अगदी साधा वाक्यखंड देते: खुर्चीवरून उठणे, समोर हात करणे, मागे वळणे, पुन्हा बसणे. चारच हालचाली. एका विद्यार्थ्याने त्या नेहमीच्या गतीने केल्या, तर पाहणाऱ्यांना वाटते की तो काहीतरी घ्यायला उठला आणि विचार बदलला. दुसऱ्याने उठायला प्रचंड वेळ घेतला, हात मात्र झटक्यात पुढे केला, तर लगेच कोणीतरी समोर आहे असे दिसू लागते आणि त्या अदृश्य माणसाशी काहीतरी बिनसले आहे हेही दिसते. तिसऱ्याने हात पुढे करताना त्याचे वजन काढून घेतले, म्हणजे खांदा आणि कोपर ढिले सोडून हात जणू कोणी दुसऱ्याने उचलला आहे असा वर येऊ दिला, तर तीच हालचाल आजारपणासारखी किंवा आठवणीसारखी वाटते. हालचालींचा क्रम तिन्ही वेळा एकच होता. रुडॉल्फ लाबान यांनी विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हालचालीचे विश्लेषण करताना वजन, काळ, अवकाश आणि प्रवाह असे चार घटक वेगळे काढले. दाबणे, ठोसा मारणे, झटकणे, तरंगणे अशा मूळ क्रियांमधला फरक याच घटकांच्या कमी-जास्त प्रमाणातून येतो, असे त्यांनी दाखवले. त्यांची परिभाषा आज सगळेच वापरतात असे नाही, पण तालमीत ‘इथे वजन सोड’ किंवा ‘हे इतके सरळ नको, वाट चुकल्यासारखे जा’ अशा सूचना आम्ही देतो, तेव्हा याच घटकांशी खेळत असतो.

वजनाचा विचार अमेरिकेत मार्था ग्रॅहम यांनी निराळ्या वाटेने केला. श्वास सोडताना ओटीपोटापासून धड आत खेचले जाणे आणि श्वास घेताना ते मोकळे होणे, या आकुंचन-शिथिलीकरणावर त्यांचे संपूर्ण तंत्र उभे आहे. १९३० सालच्या ‘लॅमेंटेशन’ या त्यांच्या एकल रचनेत नर्तिका जवळजवळ सगळा वेळ बाकावर बसलेली असते आणि तिचे शरीर ताणल्या जाणाऱ्या कापडाच्या नळीत असते. बाहेर दिसतात ते फक्त चेहरा, हातापायांचे पंजे. ती आतून कोपर, गुडघे, मुठी रेटते आणि कापडावर तिरक्या, ताणलेल्या रेषा उमटतात. शोक करणारी बाई दाखवायची तर सामान्य नर्तिका चेहऱ्यावर रडू आणेल. ग्रॅहम यांनी चेहरा जवळजवळ कोरा ठेवला आणि शोकाचा ताण कापडाच्या रेषांवर नेला, त्यामुळे प्रेक्षक कोणा एका बाईचे दुःख पाहत नाही. आतून फाडून बाहेर पडू पाहणारे आणि पडू न शकणारे काहीतरी पाहतो. माझ्या विद्यार्थ्यांना मी ही रचना चेहऱ्याचा मोह सोडवण्यासाठी दाखवते. टीव्हीवरच्या नृत्यस्पर्धांनी ‘कंटेम्पररी’ म्हणजे दुःखी गाणे, एक मोठी उडी, एक जोरदार पडणे आणि शेवटी डबडबलेले डोळे, अशी जी समजूत रुजवली आहे, तिचा निचरा व्हायला वेळ लागतो. त्या सादरीकरणांत शारीरिक कौशल्य पुष्कळ असते हे मी नाकारत नाही. पण तिथे अर्थ गाण्याच्या ओळी सांगत असतात आणि नृत्य त्या ओळींना चित्रे पुरवते.

नजरेचा मुद्दा आपल्या परंपरेला फार जवळचा आहे. ‘यतो हस्तस्ततो दृष्टिर्यतो दृष्टिस्ततो मनः’ हा ‘अभिनयदर्पणा’तला श्लोक शास्त्रीय नृत्याच्या प्रत्येक वर्गात ऐकवला जातो: हात जिथे, तिथे नजर, नजर जिथे, तिथे मन, आणि मनापाठोपाठ भाव, भावापाठोपाठ रस. समकालीन रचनाकार हा श्लोक विसरलेला नसतो, तो ही साखळी मुद्दाम एखाद्या जागी तोडतो. हात एकीकडे जातो आणि नजर दुसरीकडेच राहते, तेव्हा प्रेक्षकाला त्या माणसात फूट पडलेली दिसते. एकाच रचनेत पाच जण तीच हालचाल करत असतील आणि त्यांतल्या एकाचीच नजर हाताबरोबर जात नसेल, तर काही क्षणांत आपण त्या एकाकडेच पाहू लागतो. बाउश यांची याबद्दलची एक आठवण प्रसिद्ध आहे. ‘कॅफे म्युलर’मध्ये त्या स्वतः डोळे मिटून नाचत असत, काही काळाने ती रचना पुन्हा करताना त्यांना पूर्वीची भावना सापडेना, आणि मग उमगले की मिटलेल्या पापण्यांआड आपण खाली पाहतो की समोर, याने सगळे बदलते. प्रेक्षकाला त्यांची बुबुळे दिसत नव्हती. पण नजर खाली गेली की मानेचा, छातीचा तोल बदलतो, आणि तो मात्र शेवटच्या रांगेतूनही जाणवतो.

अवकाशाबद्दल थोडक्यात लिहिते, कारण मराठी प्रेक्षकाला ते नाटकामुळे आधीच ठाऊक आहे. १९७२ साली रंगमंचावर आलेल्या ‘घाशीराम कोतवाल’मधली बारा ब्राह्मणांची रांग आठवा. कृष्णदेव मुळगुंद यांनी बसवलेल्या त्या हालचालींत रांगेने प्रेक्षकांकडे पाठ केली की तिची भिंत होते, वळली की पुन्हा माणसे होतात, आणि भिंतीमागे काय चालले आहे हे न पाहणारीही तीच माणसे असतात. ती भिंत कोणत्याही संवादापेक्षा अधिक बोलते. आपल्या कथकमध्ये कुमुदिनी लाखिया यांनी अवकाशाचाच प्रश्न हाती घेतला. एकल सादरीकरणाची परंपरा असलेले हे नृत्य त्यांनी समूहात आणले, तेव्हा एकाच बोलावर अनेक शरीरे कुठे उभी आहेत, कोण कोणाच्या वाटेत येते, कोण वेगळे पडते, यातून अर्थ निर्माण होऊ लागला. तत्कार, म्हणजे पायांचे काम, तोच राहिला, पण त्यातून राधाकृष्णाखेरीज दुसरे काही सांगता येते हे त्यांनी दाखवून दिले.

हे सारे प्रेक्षकाच्या शरीरात पोहोचते कसे, यावर मेंदूविज्ञानानेही थोडा प्रकाश टाकला आहे. लंडनमध्ये झालेल्या आणि २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात बॅले नर्तकांना आणि कापोएरा या ब्राझिलियन शैलीच्या जाणकारांना दोन्ही प्रकारच्या चित्रफिती दाखवून त्यांच्या मेंदूची प्रतिमा घेतली गेली. स्वतःला येणारी शैली पाहताना, हालचालींचे नियोजन करणारे मेंदूचे भाग अधिक सक्रिय होतात, असे त्यात आढळले. आपण पाहतो ते अंशतः स्वतःच्या शरीराने पाहतो, हा नर्तकांचा जुना अनुभव त्याला मिळताजुळता आहे. मी यातून एक व्यावहारिक निष्कर्ष काढते, तो माझा आहे, त्या संशोधकांचा नव्हे: प्रेक्षागृहातल्या बहुतेकांना कथकमधली तिहाई (तीनदा येऊन समेवर संपणारा तुकडा) किंवा बॅलेतले पिरुएट (एका पायावरची गिरकी) अंगाने माहीत नसते, पण चालणे, अडखळणे, कोणाची वाट पाहणे, ओझे उचलणे आणि मिठी मारणे यांत प्रत्येक जण लहानपणापासून तयार झालेला असतो. समकालीन नृत्य रोजच्या हालचालींकडे इतके वळले, स्टीव्ह पॅक्स्टन यांच्यासारख्याने १९६७ साली माणसे केवळ चालतात, उभी राहतात आणि बसतात अशी रचना केली, त्यामागे इतर कारणे होतीच. पण हेही एक कारण मला पटते.

संगीताचे काय, असा पोटप्रश्न इथे हमखास येतो. संगीत अर्थाला वळण देते यात शंका नाही. मात्र अर्थ संगीतावर टांगलेला असतोच असे नाही. नृत्यरचनाकार मर्स कनिंगहॅम आणि संगीतकार जॉन केज यांनी नृत्य आणि संगीत एकमेकांपासून स्वतंत्र रचून एकाच वेळी सादर केले, आणि नर्तकांना कधी कधी संगीत पहिल्या प्रयोगालाच ऐकायला मिळे. मुंबईचे नर्तक अस्ताद देबू यांनी कोलकाता आणि चेन्नई इथल्या कर्णबधिर कलावंतांबरोबर दीर्घकाळ काम केले. त्यांच्या नर्तकांना ताल ऐकू येत नव्हता. मोजणी, नजर आणि शेजारच्या शरीराची चाहूल यांवर ते एकत्र राहत. असा समूह एकाच वेळी थांबतो, तेव्हा त्या थांबण्यात परस्परांकडे दिलेले लक्ष दिसते, आणि तालावर सहज थांबणाऱ्या समूहापेक्षा ते वेगळेच असते.

भारतीय समकालीन नृत्यात मला सर्वांत दूरचा पल्ला गाठलेला दिसतो तो चंद्रलेखा यांच्या कामात. त्यांचा जन्म महाराष्ट्रातल्या वाडा या गावचा, कर्मभूमी चेन्नई, शिक्षण भरतनाट्यमचे. १९८५ सालच्या ‘अंगिका’मध्ये त्यांनी भरतनाट्यमबरोबर कळरीपयट्टू ही केरळची युद्धकला आणि योग आणले आणि देवादिकांच्या कथा दूर ठेवून शरीर हाच विषय केला. २००१ सालच्या ‘शरीरा’त गुंदेचा बंधूंच्या ध्रुपदाबरोबर एक स्त्री आणि एक पुरुष अतिशय संथपणे हलतात. गुडघ्यांतून उघडलेल्या पायांचा त्रिकोण इतका वेळ धरला जातो की सुरुवातीला तो मांडीचा आकार वाटतो, मग नुसती भूमिती वाटू लागते, आणि पुढे देवीच्या यंत्रातला त्रिकोण आठवतो. काही प्रेक्षकांना ही संथता असह्य होते. मला ती आवश्यक वाटते, कारण स्त्रीच्या शरीराकडे पाहण्याची सवयीची नजर पहिल्या काही मिनिटांत दमून बाजूला होते आणि त्यानंतरच त्या त्रिकोणात दुसरे काही दिसण्याची जागा मोकळी होते. हीच हालचाल भरभर केली असती, तर हे घडले नसते.

आता या माध्यमाच्या मर्यादा. बॅलेमध्ये सासू नसते, असे बॅले रचनाकार जॉर्ज बालांशीन म्हणत. दोन स्त्रिया रंगमंचावर आल्या की त्यांच्यात तणाव आहे, माया आहे, एक दुसरीला घाबरते, हे सगळे दाखवता येते. पण ही हिची सासू आहे, नणंद आहे की थोरली जाऊ, हे शब्दावाचून सांगता येत नाही. ‘काल’, ‘जर’, ‘म्हणून’ आणि ‘नाही’ हेही नृत्याला फार जड जातात. समोर घडते ते सगळे आत्ताच घडते, आणि घडलेली गोष्ट घडली नाही असे म्हणता येत नाही. ज्या रचना सामाजिक प्रश्नाचा निबंध मांडायला जातात, त्या इथेच फसतात. मग ध्वनिमुद्रित निवेदन येते, पडद्यावर आकडेवारी येते, आणि नर्तक निवेदनामागे हात हलवत राहतात. उलट नृत्याला जे सहज जमते ते वाक्याला जमत नाही: दोन परस्परविरुद्ध गोष्टी एकाच क्षणी सांगणे. धरून ठेवणारा हात दूर लोटतही असतो, आणि प्रेक्षकाला त्यांपैकी एक निवडावे लागत नाही.

अर्थ रचनेत येतो तो तालमीतून, आणि त्याची एक पद्धत बाउश यांच्यामुळे जगभर रूढ झाली. त्या नर्तकांना पावले देण्याआधी प्रश्न देत, आणि उत्तरे शब्दांत, हालचालींत, कशातही घेत. नंतर त्यांतले पुष्कळसे टाकून देऊन उरलेले जोडत. मीही असे करते. ‘घरी कोणी रागावलेले असताना तुम्ही दार कसे उघडता?’ असे विचारले, की प्रत्येकाच्या मनगटातून वेगळे उत्तर येते. मग दार काढून टाकायचे, घर काढून टाकायचे, फक्त मनगट ठेवायचे आणि ते भलत्याच जागी, उदाहरणार्थ दुसऱ्या नर्तकाच्या पाठीवर, आणायचे. प्रेक्षकाला दार कधीच कळत नाही. पाठीला स्पर्श करणाऱ्या हातातली सावधगिरी मात्र त्याला कळते, आणि ती खरी असते, कारण ती कुठल्यातरी खऱ्या दारावरून आलेली असते. नर्तकाला स्वतःला दार आठवत राहिले पाहिजे. तो ते विसरला की चार-पाच प्रयोगांत हात नुसता सुंदर दिसू लागतो आणि त्यातले काहीच उरत नाही.

राहिला दोषाचा प्रश्न. प्रेक्षकाला ‘कळले नाही’ म्हणायचा पूर्ण अधिकार आहे, आणि पुष्कळदा चूक आमचीच असते. रचनेने आपले नियम नीट उभे केले नाहीत, प्रत्येक मिनिटाला नवी हालचाल आणली, जुन्या हालचालीकडे परत वळलीच नाही, तर प्रेक्षकाला फरक पाहायला काही मिळत नाही. तो कंटाळतो आणि ते योग्यच आहे. अशा रचनेला ‘अमूर्त’ म्हणून पाठीशी घालू नये. पण पहिल्या हालचालीपासूनच ‘याचा अर्थ काय’ असे विचारत बसलेला प्रेक्षकही स्वतःचे नुकसान करून घेतो. पहिली दहा मिनिटे फक्त इतके पाहावे: काय परत आले, काय बदलले, कोण कोणाकडे पाहत नाही, कोणाचे वजन कोणावर आहे. एवढे टिपले तर अर्थासाठी वेगळे थांबावे लागत नाही. दोन प्रेक्षकांना दोन वेगळ्या गोष्टी दिसल्या तर बिघडत नाही. पण दोघांनाही आपण असे का म्हणतो याचे उत्तर एखाद्या ठरावीक हालचालीकडे बोट दाखवून देता आले पाहिजे. ते देता येत नसेल, तर आपण रचनेऐवजी स्वतःच्या मनातले काहीतरी पाहत होतो, असे समजावे.

प्रवेशद्वारावर मिळणारे माहितीपत्रक आधी वाचावे का, हेही काही जण विचारतात. रचनेचे नाव, कलावंत आणि कालावधी एवढे वाचून घ्यावे. रचनाकाराचे दोन परिच्छेदांचे मनोगत असेल तर ते घडी घालून खिशात ठेवावे आणि प्रयोगानंतर उघडावे. मनोगतातले आपल्याला रंगमंचावर दिसले नसेल, तर मनोगतापेक्षा आपल्या डोळ्यांवर विश्वास ठेवायला हरकत नाही. मी स्वतः अशी मनोगते लिहिते, आयोजकांना ती हवी असतात, आणि मला ती लिहिताना दरवेळी असे वाटते की यातले निम्मे मी तालमीत काढून टाकले होते.